वेळ झाली, वेळ झाला

साहेबांनी मिनिटरावांच्या हातून घड्याळ काढून घेतलं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. ते दोन-तीन दिवसांनी भोंग्याने सांगितलं. संध्याकाळचा भोंगा लवकर वाजला. प्रेसखात्यात आम्ही साचे हातात धरून एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्या कारखान्यात असं होत नसे.

"मिनिटराव गेले वाटतं," पैलवान म्हणाला आणि हातमोजे काढले.

गेले नव्हते. गेटजवळच्या केबिनमध्ये काचेमागे बसले होते. हात मांडीवर, रेडिओ बंद. आम्ही काचेवर टकटक केली तर त्यांनी मान वर केली आणि खूण केली, मला विचारू नका.

आम्ही रबरी सोल करायचो. कच्चं रबर लोखंडी साच्यात भरायचं, साचा प्रेसमध्ये सरकवायचा, वरून दाब, आतून वाफेची धग. लवकर काढला तर सोल चिकट राहतो. उशिरा काढला तर करपतो, दुमडला की तडकतो. त्या दोन्हींच्या मधला नेमका सोल काढणं हे आमचं पोट. साचा मनगटाने उचलायचा नसतो, पाठीने उचलायचा असतो. ज्यांनी मनगटाने उचलला त्यांचे हात गेले आणि ज्यांनी झटक्याने उचलला त्यांचे खांदे.

मिनिटरावांचा खांदा गेला होता. झटका त्यांचा नव्हता. पलीकडून धरणाऱ्याचा हात सुटला आणि सगळं वजन यांच्याकडे आलं. डॉक्टरांनी उचलणं बंद केलं, मालकांनी त्यांना गेटवरच्या केबिनमध्ये बसवलं. हजेरी, भोंगा आणि घड्याळं. बसून करायचं काम मिळालं म्हणून तेव्हा काहींच्या पोटात दुखलं. बसून करायच्या कामावर माणसं कशी बसतात ते मी पुष्कळ पाहिलं आहे. मिनिटराव बसले नाहीत. दुपारच्या बातम्यांआधी रेडिओवर ठोके पडतात, त्या ठोक्यांवर ते केबिनचं घड्याळ लावत. मग स्टूल डाव्या हाताने उचलून खात्याखात्यातून फिरत. प्रेसखातं, मिक्सिंग, स्टोअर, कँटीन. प्रत्येक भिंतीखाली स्टूल टेकायचं, चढायचं, काटा सरकवायचा, उतरायचं. कुणी म्हणालं, "द्या इकडे, मी धरतो स्टूल," तर म्हणायचे, "तुझा साचा शिजतोय, तो बघ." उजवा हात त्यांचा खांद्याच्या वर जात नव्हता. सगळी घड्याळं डाव्या हाताने लावलेली.

स्वभाव म्हणाल तर किरकिरा. बोलताना समोरच्याला पूर्ण करू देतील तर शपथ.

"चार वाजत आले, मिनिटराव."

"वाजत आले म्हणजे किती कमी?"

"वेळ झाली का हो चहाची?"

"झाली. तीन मिनिटांपूर्वी झाली. आता नुसता उशीर झाला."

'वेळ' या शब्दावर तर त्यांची खास नजर. वेळ झाली आणि वेळ झाला, या दोन गोष्टी वेगळ्या, हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. ती वेळ म्हणजे घड्याळात बघायची. तो वेळ म्हणजे जाणारा, लागणारा. जेवायची वेळ झाली, जेवायला वेळ लागला. "बाई आणि बाप्या यात फरक करता ना, मग इथेही करा," म्हणायचे. आम्ही मुद्दाम चुकायचो. तेवढीच करमणूक.

पूर्वी प्रत्येक प्रेसवर किल्लीचा टायमर असे. साचा आत गेला की किल्ली पिळायची. ठरलेल्या आकड्यावरून काटा टिकटिक करत शून्यावर यायचा आणि घंटी व्हायची. बाहेर किती वाजले, रात्र की दिवस, याच्याशी त्या टायमरला काही देणंघेणं नव्हतं. पण त्यांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या, नवीन मिळेनात, आणि मालकांनी कॉम्प्युटर आणला. कारखान्यात धूळ नसलेली खोली एकच, मिनिटरावांची केबिन. म्हणून तो तिथे बसला. हजेरी त्याच्यावर, भोंगा त्याच्यावर आणि प्रेसचे दिवेही त्याच्यावर. साचा आत गेला की कॉम्प्युटरला कळायचं, रबर शिजलं की तो प्रेसवरचा हिरवा दिवा लावायचा.

त्याचा प्रोग्राम लिहिला एका बाईंनी. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. शहराच्या दुसऱ्या टोकाहून दोन बस बदलून यायच्या. वयाने आमच्या मुलींएवढ्या, पण कामाला बसल्या की चहा गार झाला तरी ढुंकून बघत नसत. मला हे आवडायचं.

पहिल्याच दिवशी मिनिटरावांनी त्यांना अडवलं. पडद्यावर अक्षरं उमटली होती, 'प्रेस तीन: वेळ पूर्ण झाली.'

"ताई, झाली नाही, झाला म्हणा. वेळ पूर्ण झाला."

"काका, मशीनला व्याकरण कळत नाही."

"मशीनला नसेल. वाचणाऱ्याला कळतं. वेळ झाली म्हणजे मी भोंगा वाजवतो. वेळ झाला म्हणजे पैलवान साचा काढतो. उद्या मी साचा काढायला गेलो तर?"

ताई हसल्या. "पुढच्या फेरीत बदलते," म्हणाल्या. ते राहून गेलं. इतक्या लहान गोष्टीसाठी कोण बसतं?

प्रोग्राम आला आणि माल करपायला लागला. सगळा नाही. दिवसातून एक खेप, दुपारची. सकाळचा माल ठीक, संध्याकाळचा ठीक, दुपारचा सोल दुमडला की तडतड आवाज. मग जे व्हायचं ते झालं. आम्ही म्हणालो, मिक्सिंगवाल्यांनी रबरात काहीतरी घातलं. मिक्सिंगवाले म्हणाले, बॉयलरवाला दुपारी वाफ जास्त सोडतो. बॉयलरवाला म्हणाला, माझी वाफ काय जेवून येते दुपारी? पैलवान जेवून पेंगतो, ते बघा.

"मी पेंगतो?" पैलवान म्हणाला. "दिवा लागेपर्यंत डोळे दिव्यावर असतात माझे. बायकोकडे एवढं बघितलं असतं तर घरात भांडणं नसती."

साहेबांनी ताईंना बोलावलं. त्या प्रेसजवळ खुर्ची टाकून बसल्या. दुपारच्या सुट्टीत कँटीनला जात आणि नेमका तेव्हाच माल करपे. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये गर्दी होती म्हणून त्या डबा घेऊन मिनिटरावांच्या केबिनमध्ये आल्या. पुढचं मला दोघांनीही आपापलं सांगितलं आणि दोघांचं सांगणं जुळतं.

ताईंनी डबा उघडला, काही बोलणार तेवढ्यात मिनिटरावांनी ओठांवर बोट ठेवलं. रेडिओवर ठोके पडू लागले. शेवटच्या ठोक्याला मिनिटरावांनी कॉम्प्युटरची कळ दाबली.

"झालं. आज जरा जास्तच पुढे पळालं होतं. ओढलं मागे."

"काय ओढलं, काका?"

"घड्याळ. तुमच्या मशीनचं. कामाला चांगलं आहे, पण धीर नाही त्याला. रोज पुढे पळतं."

"आणि तुम्ही रोज मागे ओढता?"

"रोज. मुलीचं लग्न होतं त्या दिवशीसुद्धा येऊन ओढून गेलो. जेवा तुम्ही, भाजी गार होते."

ताईंनी डबा झाकला.

गोष्ट साधी होती. साचा आत गेला की प्रोग्राम कॉम्प्युटरच्या घड्याळात बघायचा, किती वाजले. त्यात शिजायची मिनिटं मिळवायचा. मग घड्याळ तिथवर पोचायची वाट बघायचा. मध्येच मिनिटरावांनी घड्याळ मागे ओढलं की प्रोग्राम तीच मिनिटं पुन्हा मोजत बसायचा. रबराला घड्याळाचं काय? ते आत शिजतच राहायचं. म्हणजे माल करपवत होता आमच्या कारखान्यातला सगळ्यात नेमका माणूस, आपलं काम चोख करून.

ताईंनी साहेबांना सांगितलं, प्रोग्राम बदलावा लागेल, मला थोडे दिवस द्या, तोवर दुपारी घड्याळाला हात लावू नका. साहेबांनी शेवटचं तेवढं ऐकलं. कॉम्प्युटरला कुलूप घातलं, म्हणजे परवलीचा शब्द, आणि तो शब्द स्वतःजवळ ठेवला. ताई दुसऱ्या कामावर गेल्या.

माल करपायचा थांबला. घड्याळ मात्र रोज थोडं थोडं पुढे पळत राहिलं आणि त्याला ओढणारं कुणी नव्हतं. सकाळी वेळेवर आलेल्या माणसाच्या हजेरीवर उशिराचा शिक्का. संध्याकाळी भोंगा आधीच. सकाळी शिव्या, संध्याकाळी आशीर्वाद, असा कारभार चालू झाला. बॉयलरवाला म्हणाला, असंच महिनाभर चालू दे, दुपारी जेवायलाच घरी जाता येईल. मिनिटरावांना शिव्याही सोसेनात आणि आशीर्वादही.

घरी तर कहरच. वहिनींनीच सांगितलं. त्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, किती वाजले?" तर हे म्हणाले, "साहेबांना विचार." आणखी एकदा विचारलं तर म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही." घरात भिंतीवर तीन घड्याळं, मनगटावर एक. वहिनी आम्हाला म्हणाल्या, "भाऊजी, खांदा गेला तेव्हा हे हसत घरी आले होते. आता कसं सांगू तुम्हाला. ताटावर बसतात आणि भिंतीकडे बघत राहतात."

मग हजेरीवरून भांडण साहेबांच्या टेबलापर्यंत गेलं. पैलवान सकाळी वेळेवर येऊन उशिरात धरला गेला होता, आणि त्याच्या आवाजाने काचा हलतात. साहेब वैतागले. "आधी माल करपत होता, आता माणसं करपताहेत," म्हणाले. त्यांनी तोडगा काढला. बाहेरून तारेने बरोबर वेळ घेणारं, आपलं आपण लागणारं घड्याळ बसवायचं. केबिन बंद. मिनिटराव पॅकिंगला. शनिवारी ताई येतील, त्यांना विचारून सोमवारपासून चालू.

पॅकिंगला खोकी उचलावी लागतात. ते सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनाही असेल. पण मिनिटरावांनी खोक्यांचं नाव काढलं नाही. "मग खात्यातली घड्याळं कोण लावणार?" एवढंच विचारलं. साहेब म्हणाले, बघू.

शनिवारी ताई आल्या. साहेबांनी तोडगा सांगितला. केबिनच्या दारात आम्ही दोघं-तिघं उभे होतो, पैलवान पुढे, म्हणून बाकीच्यांना फक्त ऐकू येत होतं.

"साहेब, ते घड्याळ बाहेरून वेळ घेणार म्हणजे काय करणार?" ताई म्हणाल्या. "पुढे पळालं की स्वतःला मागे ओढणार. काका करतात तेच. फक्त काका ठोक्याला करतात, ते वाटेल तेव्हा करेल. आधी फक्त दुपारचा माल करपत होता, मग कुठलाही करपेल."

"मग घड्याळ लावायचंच नाही?"

"लावायचं. घड्याळ बरोबर हवंच, हजेरीला, भोंग्याला. चूक घड्याळाची नव्हती, काकांची नव्हती. माझ्या प्रोग्रामने नको तिथे घड्याळात बघितलं."

मग त्या मिनिटरावांकडे वळल्या. "काका, तुम्ही मला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? झाली नाही, झाला."

"ते व्याकरणाचं होतं," मिनिटराव म्हणाले. ते अजून घुश्श्यात होते.

"तेच माझं चुकलं होतं. मी मशीनला दोनदा विचारत होते, वेळ किती झाली, आणि त्यातून वेळ किती झाला ते काढत होते. मधे कुणी काटा हलवला की गणित गेलं. हे आम्हाला शिकवतात, काका. मला ठाऊक होतं. घाईत सोपं ते केलं."

मशीनच्या आत आणखी एक मोजणी असते, त्यांनी सांगितलं. मशीन सुरू झालं की ती सुरू होते आणि फक्त पुढे जाते. तिला वार माहीत नाही, तारीख माहीत नाही, किती वाजले ते माहीत नाही. साचा आत गेला तेव्हा ती कुठे होती आणि आता कुठे आहे, एवढंच बघायचं.

"तिला लावता येत नाही?" मिनिटरावांनी विचारलं.

"नाही."

"मलाही?"

"कुणालाच नाही."

"मग ती बरोबर आहे हे कळतं कसं?"

"तिला बरोबर असायचंच नाही, काका. तिला नुसतं सारखं चालायचं आहे."

मिनिटरावांना हे पटलेलं दिसलं नाही. न लागणारं घड्याळ म्हणजे त्यांच्या दृष्टीने अनाथ.

साहेबांनी नेमका प्रश्न काढला. "मशीनचं घड्याळ पुढे पळतं, तर ही मोजणीही पळणार."

"पळेल. पण घड्याळ दिवसभर साठवत जातं म्हणून मिनिटं दिसतात. एका साच्यापुरतं किती पळणार? डोळ्याची पापणी लवते तेवढं."

"आणि वीज गेली तर?" हे पैलवानाने विचारलं.

"तर ती शून्यापासून सुरू होईल. आत असलेला साचा तुमच्या अंदाजाने काढायचा."

"मग मी आहेच," पैलवान म्हणाला आणि बॉयलरवाल्याकडे बघितलं. "पेंगलो नाही तर."

साहेब म्हणाले, करून दाखवा. ताई प्रोग्राम बदलूनच आल्या होत्या. प्रत्येक प्रेसचा तुकडा त्यांनी आठवडाभर संध्याकाळी बसून पुन्हा लिहिला होता, आणि त्याचे पैसे मागितले नाहीत. माझं बिघडलेलं मी दुरुस्त केलं, म्हणाल्या. स्टोअरमधून किल्लीचा एक जुना टायमर काढला. त्यातल्या त्यात धड. आम्ही साचा भरला, पैलवानाने आत सरकवला, मी किल्ली पिळली.

आम्ही लगोलग केबिनच्या दारात परत आलो. ताई म्हणाल्या, "काका, आता घड्याळ मागे करा. चांगलं तासभर."

मिनिटराव कळफलकासमोर बसले होते. साहेबांनी परवलीचा शब्द घालून दिला होता. डावा हात कळांवर आला आणि थांबला.

"चुकीची वेळ लावू?"

"हो."

"मुद्दाम?"

"काका, तेच तर बघायचं आहे. घड्याळ कितीही चुकलं तरी माल चुकत नाही, हे."

हात हलेना. इतक्या वर्षांत त्या हाताने एकदाही चुकीची वेळ लावली नव्हती. आणि आता तीच लावली नाही तर केबिन जाणार होती. पलीकडे रबर शिजत होतं. साहेबांनी मनगटाकडे बघितलं. पैलवान मला हळूच म्हणाला, "हे पॅकिंगला जातील, पण घड्याळ चुकवायचे नाहीत."

मिनिटराव उठले. आम्हाला वाटलं, संपलं. ते केबिनच्या दाराबाहेर आले आणि मिक्सिंगच्या दिशेने ओरडले, "ऐका रे. आता थोडा वेळ कॉम्प्युटरचं घड्याळ चुकीचं असणार आहे. कुणी त्यावर विश्वास ठेवू नका. हजेरी करायची असेल तर थांबा." मग गेटवर जाऊन रखवालदाराला तेच सांगितलं. त्याने विचारलं, "किती चुकीचं?" "एक तास बरोब्बर," म्हणाले. मग परत आले, बसले, मान थोडी फिरवली, बारीक मुलाला टोचताना आई फिरवते तशी, आणि कळ दाबली.

घड्याळ तासभर मागे गेलं.

आम्ही प्रेसकडे परत येऊन दिव्याकडे बघत उभे. साहेबसुद्धा प्रेसजवळ आले, त्या उकाड्यात, कोट घालून. जुना टायमर टिकटिकत होता. बॉयलरवाला एकदा खोकला तर पैलवानाने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने दुसरा खोकला गिळला.

घंटी झाली. घंटी विरायच्या आत दिवा लागला.

पैलवानाने साचा काढला. सोल निघाला, पाण्यात घातला, दुमडला. एकदा, दोनदा, उलटा. आवाज नाही. अंगठ्याचं नख रोवून बघितलं, खूण उठली आणि भरून आली. त्याने सोल साहेबांच्या हातात दिला. साहेबांनीही दुमडून पाहिला. त्यांना त्यातलं कळत नव्हतं, पण नीट पाहिला.

"पुन्हा करू," ताई म्हणाल्या. "आता घड्याळ पुढे करून. एकदा बरोबर आलं ते जुळून आलेलं असू शकतं."

मी त्यांच्या बाजूने आहे ते अशाने. पुन्हा केलं. पुढे करून केलं. मग साचा आत असताना मागे-पुढे-मागे करून केलं. दर वेळी मिनिटराव आधी बाहेर येऊन ओरडले. तिसऱ्यांदा मिक्सिंगवाल्यांनीच आतून ओरडून विचारलं, "आता किती चुकीचं?" मिनिटराव पहिल्यांदा हसले. सोल सगळे चांगले निघाले.

साहेबांनी कपाळ पुसलं. "मिनिटराव, तो परवलीचा शब्द तुम्हीच ठेवा," म्हणाले. "रोज दुपारी लावा. हवं तेवढं ओढा." केबिनचं आणि पॅकिंगचं पुढे कुणी काही बोललं नाही.

मिनिटराव ठोक्यांची वाट बघत बसले नाहीत. मनगटावरच्या घड्याळावरून तात्पुरती वेळ लावली, मग रेडिओ लावला, दुपारी ठोक्यांवर पुन्हा लावली. स्टूल उचललं. ज्या भिंतींवरची घड्याळं इतके दिवस कुणी पाहिली नव्हती, त्या सगळ्या केल्या. प्रेसखात्यात आले तेव्हा पैलवान म्हणाला, "मिनिटराव, वेळ झाला का जेवायचा?"

"झाली," मिनिटराव म्हणाले. "आणि तुझा साचा शिजायला अजून वेळ आहे, तो बघ."

संध्याकाळी पडद्यावर अक्षरं बदललेली होती, 'प्रेस तीन: वेळ पूर्ण झाला.' ताईंनी जाता जाता केलं होतं. मिनिटराव ते बराच वेळ वाचत उभे राहिले.

पुढे निवृत्त झाले तेव्हा त्यांना काय द्यायचं यावर खात्यात चर्चा झाली. कुणीतरी घड्याळ म्हणालं आणि वहिनींचा निरोप आला, आणखी एक घड्याळ घरात आलं तर मी माहेरी जाईन. मग आम्ही तो किल्लीचा टायमर साफ केला, स्प्रिंग बदलली, तेल दिलं आणि तोच दिला. मिनिटरावांनी आधी मागून-पुढून पाहिला, वेळ लावायची जागा शोधली. ती नव्हती. मग त्यांनी तो वहिनींच्या हातात दिला.

आता तो त्यांच्या स्वयंपाकघरात असतो. परवा गेलो होतो. वहिनींनी चहा टाकला आणि किल्ली पिळली. बाहेरच्या खोलीत मिनिटराव डावा हात उंच करून भिंतीवरचं घड्याळ लावत होते.

"अहो, वेळ झाली का भाऊजींच्या बसची?" वहिनींनी विचारलं.

"अजून वेळ आहे," ते म्हणाले. आतून घंटी झाली.